दुसरी सही

परवा शहापूरच्या बाजारात एक तरुण मुख्याध्यापक भेटला. माझाच जुना विद्यार्थी. शाळेचे बँकखाते आता मोबाइलवर चालते, असे त्याने कौतुकाने सांगितले. खातेदार दोन, मुख्याध्यापक आणि शाळा समितीचे अध्यक्ष. दोघांच्याही मोबाइलवर आकडे येतात आणि दोघांनीही ते भरल्याशिवाय रुपया हलत नाही.

"अध्यक्ष त्या वेळी कुठे असतात?" मी विचारले.

"शेतावर. पण आपलं काही अडत नाही, गुरुजी. त्यांचं सिमकार्ड माझ्याच खणात असतं."

यावर त्याला बोलण्याचा अधिकार मला नाही. घरी आलो आणि सुगंधाबाईंविषयी लिहायला बसलो.

माझी शेवटची शाळा किन्हवलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत होती. वर्ग सातवीपर्यंत. तेव्हा चेकचा व्यवहार होता आणि प्रत्येक चेकवर दोन सह्या लागत. एक माझी, दुसरी समितीच्या अध्यक्षांची. अध्यक्ष हा पालकच असावा लागतो. मूल शाळेत आहे तोवर त्याची सही चालते. मूल शाळेतून गेले की सहीही गेली.

सुगंधाबाई वारघडे यांच्या आधीचे अध्यक्ष ट्रॅक्टर बाळगून असलेले गृहस्थ होते. नवे चेकबुक आले की मी त्यांना चहाला बोलावी. चहा निवेपर्यंत ते वीसच्या वीस कोऱ्या पानांवर सह्या करून मोकळे होत. तालुक्यात बहुतेक शाळांची हीच रीत होती. मी कधी एका पैशाचा घोटाळा केला नाही. म्हणून या रीतीत काही वावगे आहे असेही मला कधी वाटले नाही.

सुगंधाबाई अध्यक्ष झाल्या त्या, पालकसभा संपेपर्यंत थांबल्या म्हणून. बाकीच्यांना लावणीची घाई होती. यांची मुलगी रेश्मा तेव्हा पाचवीत होती. नवरा भिवंडीला गोदामात कामाला, रविवारी घरी येणारा. शेत, गोठा आणि उन्हाळ्यातला भेंडीचा तुकडा, सगळे या एकट्या पाहत. स्वतः पाचवी शिकलेल्या. अंगाने बारीक, पण चाल अशी की वाटेवरचा माणूस आपण होऊन बाजूला होई.

नवे चेकबुक आले. रिवाजाप्रमाणे मी चहा मागवला, पेन पुढे केले.

"वीस पानं आहेत. सह्या करून टाका, बाई."

"काय घेतलं?"

"अजून काही नाही."

"मंग सही कशाची?"

मी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि चहा संपवला.

"पद्धत असंल. माझ्या हातून कोऱ्यावर नाय व्हायची."

मला राग आला. तीस वर्षे नोकरीत घालवलेल्या माणसाला हे ऐकायची सवय नव्हती. "माझ्यावर विश्वास नाही का?" मी विचारले.

"इश्वासाचा काय संबंध, गुरुजी? तुमच्या एकट्याच्या इश्वासावर भागत असतं, तर सरकारनं मला कशाला बसवली असती?"

मी चेकबुक कपाटात ठेवले.

त्या दिवसापासून खरेदीची प्रत्येक वस्तू आधी त्यांच्यासमोर यायची आणि मग सही व्हायची. त्यातही वस्तू नुसती पाहून त्यांचे समाधान होत नसे. "चालवून दाखवा," हे त्यांचे ठरलेले वाक्य. पंखा आला, तो लावून दाखवा. कुलूप आले, ते चार वेळा उघडून दाखवा. खडूचा खोका आला तेव्हा त्यांनी मधलाच एक खडू काढून फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. वस्तू पसंत पडली की स्तुती नाही. फक्त, "हां. आता झालं." मग सही. सही झाली की पेनला टोपण लावून, टोपणाची बाजू माझ्याकडे करून पेन परत देत. कोयता देताना मुठीची बाजू पुढे करतात, तसे.

कार्यालयात खुर्ची असूनही त्या कधी तीवर बसल्या नाहीत. उंबऱ्यावर बसायच्या, चौकटीला पाठ लावून. तिथून वर्गही दिसायचा आणि मीही. खुर्चीवर झोप येते, असे त्यांचे म्हणणे. मला ते खरे वाटत नसे.

पोषण आहाराच्या तांदळासाठी वजनकाटा घेतला, तेव्हाची गोष्ट. किराण्याचेही दुकान असलेला शहापूरचा विक्रेता स्वतः काटा घेऊन आला होता. सुगंधाबाईंनी घरून मिठाची एक किलोची पिशवी आणली होती. ती काट्यावर ठेवली. काट्याने एक किलो दीडशे ग्रॅम दाखवले.

"बाई, मीठ ओलं झालंय," विक्रेता हसून म्हणाला. "डोंगराची हवा."

"पिशवी फोडलेली नाय, शेठ. आता मीठ खोटं का काटा, ते तुमीच सांगा. मीठ खोटं म्हणत असाल, तर ते तुमच्याच दुकानातलं हाय."

विक्रेत्याने काटा उचलला. आठ दिवसांनी दुसरा आणला. पिशवी तयारच होती.

ही सवय कुठून आली, ते त्यांनी अगदी सुरुवातीला, एस.टी.त सांगितले होते. आम्ही बँकेच्या कामाला किन्हवलीला चाललो होतो. त्यांचे माहेर मुरबाडकडे, म्हशाजवळ. वडील दरवर्षी जत्रेत बैल बघायला जात आणि धाकट्या लेकीला बरोबर नेत. इसार देण्याआधी बैल भरल्या गाडीला जुंपून पाहायचा, हा त्यांचा नेम. एका वर्षी एक देखणा पांढरा बैल त्यांच्या मनात भरला. विकणारा देवाच्या शपथा घेत होता.

"बाबा बोलला, शपथेनं गाडी वढत नाय, बैलाला जुंप. जुंपला. तर बैल बसला गाडीखाली. उठंचना! समदी जत्रा हसली."

"मग?"

"मंग काय. रिकाम्या हातानं चालत घरी आलो. रस्ताभर बाबा बैलाचंच कवतिक करत व्हता. काय रूप, काय शिंगं. रडायचा बाकी ऱ्हायला. पण पैसं कनवटीला व्हतं."

त्या हसल्या. मीही हसलो असेन.

त्या दिवशी बँकेत नमुन्याच्या सह्या द्यायच्या होत्या. अधिकारी परजिल्ह्यातला, वयाने लहान. सुगंधाबाईंनी फक्त 'सुगंधा' असे लिहून खाली रेघ ओढली. त्याने पूर्ण नाव लिहा म्हणून सांगितले. पूर्ण नावात नवऱ्याचे नाव येते. आमच्या भागातल्या बायका ते तोंडाने घेत नाहीत. सुगंधाबाईंच्या मते लिहिणे म्हणजेही घेणेच होते. एरवी विक्रेत्याला गप्प करणारी ही बाई मान खाली घालून पेन बोटांत फिरवत राहिली. मागे रांग वाढली. कोणीतरी ओरडले, "अगो, लिव ना, नवरा काय पळून जाणार हाय?"

मी अधिकाऱ्याला म्हणालो, "सही ही खूण असते. माणूस जशी करतो तशी ती घ्यावी. नियम तेवढाच आहे." त्याने माझ्याकडे पाहिले आणि सही स्वीकारली.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आज माझ्या बाजूनं बोलले तुमी."

"नियमाच्या बाजूने बोललो."

"तेच ते," त्या म्हणाल्या.

अशी दोन वर्षे गेली. मला त्यांची सवय झाली. तालुक्याच्या बैठकीत इतर मुख्याध्यापक मला चिडवत, "तुमच्या मॅडमनी खडू पास केले का?" पण आमच्या शाळेतला प्रत्येक पंखा फिरत होता, हे मला माहीत होते.

तिसऱ्या वर्षी मुलींच्या स्वच्छतागृहासाठी पैसे आले. काम ठेकेदाराकडे दिले. मार्च संपायला तीन दिवस उरले असताना त्याने बांधकाम पूर्ण झाल्याचे कळवले. फरशी, निळे दार, छतावर टाकी, भिंतीला नळ. सुगंधाबाई आत गेल्या, नळ सोडला. नळाने फक्त हवा सोडली.

"पाणी?"

"बाई, माझं काम टाकीपर्यंत," ठेकेदार म्हणाला. "गावच्या टाकीपासून इथवरचा पाइप इस्टिमेटात नाही. पुढच्या वर्षी दुसरं बिल टाका, लगेच होईल."

"पाणी आलं की बोलवा," असे म्हणून त्या निघाल्या.

मी त्यांना अंगणात गाठले. मार्चअखेर चेक दिला नाही तर रक्कम परत जाणार होती. मी मेअखेर निवृत्त होणार होतो. हिशेब अपुरा राहिला तर येणे-बाकी नसल्याचा दाखला मिळणार नाही, आणि त्या दाखल्याशिवाय पेन्शन नाही. यातले फक्त पहिले मी त्यांना सांगितले. दुसरे सांगणे मला कमीपणाचे वाटले.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "मी पाचवीतनं शाळा का सोडली, ते तुमी कधी इचारलं नाय."

"का सोडली?"

त्यांनी शाळेमागच्या करवंदीच्या जाळीकडे बोट केले. "माहेरच्या शाळंत बी अशाच जाळीत जायचं म्हणून. मोठ्या पोरी आडोसा धरून उभ्या ऱ्हायच्या. पोरं वरनं दगडं मारायची. मी घरी बसली. आता सहावी-सातवीच्या पोरींचं बघा तुमीच. म्हैन्यातले चार दीस बाकावर असतात का?"

हजेरीपट माझ्याच हातचा होता. त्या चार दिवसांच्या खाड्याखाली मी वर्षानुवर्षे 'घरकाम' असे लिहीत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तालुक्याहून फोन आला. चेक आजच फाडा, रक्कम परत गेली तर जबाबदारी तुमची. सव्वापाचला मुले गेली. मी चेक लिहिला, माझी सही केली. मग दुसऱ्या सहीच्या जागेकडे बराच वेळ बघत बसलो. ती सही मी तीन वर्षे पाहत होतो. 'सु'चा उकार कसा वळतो, 'धा'चा काना किती लांब जातो आणि रेघ कुठे थांबते, हे सगळे मला पाठ होते.

मी ती केली.

यावर अधिक लिहिण्यासारखे नाही. चेक पाकिटात घातला. ठेकेदार सकाळी दहाला येणार होता.

सकाळी शाळा भरण्याआधीच सुगंधाबाई आल्या. उंबऱ्यावर बसल्या.

"तुमची पेन्शन अडणार म्हणं."

"कोण म्हणालं?"

"खिचडीवाली बाई. तुमी फोनवर बोलत व्हते, ती तांदूळ निवडत व्हती. मला का नाय सांगितलं?"

"ते माझं मी पाहीन."

"काय पाहाल? काढा तो चेक. करते सही."

मला वाटले, मी नीट ऐकले नाही. "पाणी आलेलं नाही," मी म्हणालो.

"येईल. तुमी हायेत ना. पाणी आणल्याबिगर तुमी वाडी सोडणार नाय, हे काय मला ठावं नाय?" त्या उठून आत आल्या. पाकीट टेबलावर होते. "हाच ना?"

मी हात पुढे करून ते थांबवायला हवे होते.

त्यांनी चेक बाहेर काढला. खिडकीशी नेऊन पाहिला.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "माझ्यापरीस बरी काढली तुमी."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो सहन केला असता. त्या अक्षरांकडे त्या खरोखरच कौतुकाने पाहत होत्या, आणि मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेले. बाहेर मुले जमली होती. प्रार्थनेची वेळ झाली होती. घंटा मी देत असे. मी उठलो नाही. सुगंधाबाई बाहेर गेल्या आणि त्यांनी घंटा दिली.

प्रार्थना संपेपर्यंत त्या अंगणात उभ्या होत्या. परत आल्या तेव्हा उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या.

"दुसरं पान काढा. सही पाणी आल्यावर."

"होय," मी म्हणालो.

"पहार हाय का शाळंत?"

दहाला आलेल्या ठेकेदाराला मी उद्या संध्याकाळी या म्हणून परत पाठवले. त्या दिवशी वाडीतल्या सात-आठ बाया घमेली घेऊन आल्या. गावची टाकी टेकाडावर होती. तिथून शाळेपर्यंत चर खणायचा होता. जमीन मुरमाची, मधे कातळ. पाइप सुगंधाबाईंनीच आणला. काळा, मातीने माखलेला, भेंडीच्या तुकड्यावरून उपटून आणलेला.

"भेंडीचं काय?" मी विचारले.

"संपत आलीच व्हती."

ती फुलावर होती. मी येता-जाता रोज पाहत होतो. पाइपाचे पैसे ठेकेदाराच्या बिलातून कापू, असे मी सुचवले. "मंग परत बिल, परत कागद, आणि मार्च संपला," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे."

मी सदरा काढून ठेवला आणि पहार घेतली. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते काम सोपे नव्हते. बायकांना मौज वाटली. "गुरुजी, पहार खडूसारखी धरू नका," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो, शिकतील. अजून दोन म्हैनं हायेत." सुगंधाबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याशी बोलतही नव्हत्या. दुपारी त्यांनी भाकरीवर चटणी घालून माझ्यापुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी, मार्चच्या अखेरच्या दुपारी, टाकी भरली. सुगंधाबाईंनी रेश्माला हाक मारली. "जा, सोड नळ." पोरगी आत गेली. पाण्याचा आवाज आला. मग सातवीच्या सगळ्याच मुली आत घुसल्या आणि बराच वेळ नळ चालू-बंद होत राहिला. मी एरवी पाणी वाया घालवू देत नसे. त्या दिवशी घालवू दिले.

"हां," सुगंधाबाई म्हणाल्या. "आता झालं."

त्यांनी कार्यालयात येऊन दुसऱ्या पानावर सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षर दाबून. ती माझ्या सहीपेक्षा वाकडी होती. टोपण लावून पेन परत दिले. पाच वाजता ठेकेदार चेक घेऊन गेला.

पहिल्या पानावर मी दोन आडव्या रेघा मारून 'रद्द' लिहिले आणि ते चेकबुकात उरलेल्या त्याच्या स्थळप्रतीला टाचले. ते जाळून टाकता आले असते. पण मग क्रमांक तुटला असता. आणि खरे म्हणजे, ते नाहीसे करावे असे मला वाटले नाही.

एप्रिलमध्ये त्यांची भेंडी वाळली. पुढे मी तेवढाच नवा पाइप विकत घेऊन त्यांच्या घरी पोचता केला. त्यांनी तो ठेवून घेतला, याचे मला समाधान आहे. झाल्या प्रकाराचा वाडीत मला कधी एक शब्द ऐकू आला नाही. खिचडीवाल्या बाईलाही तो माहीत नव्हता, म्हणजे तो कोणालाच माहीत नव्हता.

मेअखेर आम्ही दोघे शेवटचे बँकेत गेलो. मी निवृत्त होत होतो, रेश्मा सातवी पास होऊन हायस्कूलला चालली होती. दोघांच्याही सह्या एकाच दिवशी खात्यावरून उतरणार होत्या. रेश्मा बरोबर होती. नव्या शाळेचा गणवेश घ्यायचा होता. अधिकारी तोच. उरलेले चेकबुक जमा करून घेताना तो एकेक स्थळप्रत उलटत होता. टाचलेल्या पानापाशी थांबला.

"दोन्ही सह्या आहेत. तारीख आहे, रक्कम आहे. मग हा रद्द का केला, सर?"

कारण लेखी नोंदवावे लागते. बँकेत गर्दी होती. खरे सांगायचे ठरवून आलो नव्हतो. पण त्या क्षणी ठरवले. तोंड उघडले.

"माझी सही चुकली व्हती," सुगंधाबाई म्हणाल्या.

अधिकाऱ्याने पान उजेडात धरले, नमुन्याशी ताडून पाहिले. "बरोबर तर दिसतेय. उलट नेहमीपेक्षा चांगली आहे."

"सही माझी हाय ना? मंग चुकली का नाय, ते मलाच कळणार. लिवा."

त्याने लिहिले. त्याखाली त्यांनी सही केली. जी बाई न पाहिलेल्या खडूवर सही करत नव्हती, तिने हे लिहून दिले, आणि माझ्याकडे एकदाही न पाहता दिले.

बाहेर ऊन फार होते. पायऱ्यांवर मी म्हणालो, "सुगंधाबाई, ते पान..."

"कुठलं पान?" त्या म्हणाल्या. "रेश्मा, नमस्कार कर गुरुजींना."

पोरगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो लवकर उचलला गेला नाही.

समोर रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याने भाडे सांगितले आणि सुगंधाबाई त्याच्यावर तुटून पडल्या. "कालच्यापेक्षा रस्ता लांब झाला का रे? का तुझी रिक्षा सोन्याची हाय?" तो काहीतरी म्हणाला. त्यांनी रेश्माला आत ढकलले, स्वतः बसल्या. रिक्षा वळून बाजाराच्या बाजूला लागली, तरी त्यांचे बोलणे चालूच होते.